घरगुती फराळाचं काम रीतसर सुरू करायचंय – परवाना, भाव, हिशेब

खसखस (डोंबिवली) | २८ ऑगस्ट २०२३

नमस्कार मंडळी. यंदा अधिक श्रावण आला, त्यामुळे १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत आमच्या सोसायटीत जावयांच्या वाणाची नुसती धांदल होती. तेहतीस अनारसे घरी करणं आता बऱ्याच जणींना जमत नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी माझ्याकडून करून घेतले, त्यांच्याकडे ज्यांनी खाल्ले त्यांनी माझा नंबर मागितला आणि महिनाभर आमच्याकडे कुठल्या ना कुठल्या पातेल्यात तांदूळ भिजलेलेच होते.

आता दिवाळीचं विचारायला लागलेत. कुणाला चकली हवी, कुणाला करंज्या, एकीने तर संपूर्ण फराळाची यादीच पाठवली. मुलगा आता कॉलेजात आहे, माझी नोकरी सुटून काही वर्षं झाली. हाताला चव आहे असं लोक म्हणतात आणि मलाही हे काम मनापासून आवडतं. पण करायचं तर रीतसर करायचं, असं ठरवलंय.

अडतंय ते असं. परवाना लागतो का आणि तो घरच्या पत्त्यावर मिळतो का? भाव कसा ठरवायचा? "दुकानात पंधराला मिळतो, तुझा तर घरचाच आहे, दहाला दे" असं सरळ तोंडावर सांगतात आणि मला पुढे बोलता येत नाही. शिवाय सगळेच पदार्थ घ्यावेत की एक-दोनच? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, मी वाचणार आहे.

डबेवाली_कोथरूड | २८ ऑगस्ट २०२३

ताई, आधी अभिनंदन. अनारसा न हसता, म्हणजे कढईत न फुटता-विरघळता, तळता येतो म्हणजे निम्मी परीक्षा तुम्ही पास झालात.

परवान्याचं सांगते. तुमच्यासाठी एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेचं काम बघणारी केंद्राची संस्था) नोंदणी पुरेशी आहे. २०२३ च्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर 'नोंदणी', त्याच्या वर गेली की 'परवाना'. नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये. फॉस्कॉस नावाचं सरकारी पोर्टल आहे, तिथे स्वतः अर्ज भरायचा. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कुठले पदार्थ करणार त्यांची यादी. घराचा पत्ता चालतो, माझी नोंदणी घरच्याच पत्त्यावर आहे. १४ आकडी क्रमांक मिळतो, तो प्रत्येक पाकिटावर आणि बिलावर छापायचा. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी पाहणीला येऊ शकतात. त्यांना ओटा, पाण्याची साठवण, कचऱ्याचा झाकणाचा डबा आणि जाळ्या बघायच्या असतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

एजंट हजार-दोन हजार मागतात. अजिबात देऊ नका, अर्ध्या तासाचं काम आहे.

कोपऱ्यातला | २९ ऑगस्ट २०२३

एवढ्याशा कामाला कागद कशाला? माझी आई कित्येक वर्षं पापड-कुरडया विकते, कुणी काही विचारलेलं नाही. आधी धंदा चालतो का बघा, मग कागदाचं.

डबेवाली_कोथरूड | २९ ऑगस्ट २०२३

कोपऱ्यातला, तुमच्या आईंबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि त्यात घरून खाद्यपदार्थ करून विकणारे येतात. उद्या कुणाच्या पोटात दुखलं आणि दोष आपला नसला, तरी आपल्याकडे नोंदणी नसेल तर आपलं म्हणणं कोण ऐकेल? शिवाय एखादं दुकान किंवा कार्यालय माल घ्यायला तयार झालं, तर पहिला प्रश्न क्रमांकाचाच असतो. शंभर रुपयांसाठी ही जोखीम घेऊ नये.

हिशेबनीस (नाशिक) | २९ ऑगस्ट २०२३

मी कारखान्यात कॉस्टिंगचं, म्हणजे मालाचा खर्च काढायचं, काम करत होतो. निवृत्तीनंतर बायकोच्या मसाल्यांचा हिशेब बघतो. तुमचा भावाचा प्रश्न वाचून राहवलं नाही. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते होतंय हे वर्षानुवर्षं कळत नाही.

कागद घ्या आणि एक किलो तांदळाचे अनारसे धरा. तांदूळ ६०, पाऊण किलो गूळ ५०, पन्नास ग्रॅम खसखस ८०, अर्धा किलो तूप ३२५, गॅस आणि वीज ४५, डबे-पिशव्या-लेबल ४०. झाले ६०० रुपये. तुमच्याकडचे दर थोडे वेगळे असतील, ते घाला. यातून साधारण ८० नग निघतात असं आमची मंडळी सांगते. काही हसतात, काही जास्त लाल होतात, एखाद-दुसरा घरात खाल्ला जातो. विकण्याजोगे ७५ धरू. म्हणजे नुसत्या मालाचा खर्च नगाला ८ रुपये.

आता पुढचं नीट वाचा. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवणं, कापडावर पसरणं, दमट असतानाच दळणं, चाळणं, गूळ घालून मळणं, पीठ मुरल्यावर थापणं, मंद आचेवर तळणं, निथळणं, भरणं आणि शेवटी तुपाची भांडी घासणं. तुकड्यातुकड्यात का होईना, पाच तास हातात जातात. तुमच्या भागात स्वयंपाकाच्या मावशी तासाला काय घेतात? ८० रुपये धरू. पाच तासांचे ४०० झाले. एकूण १,०००. पंच्याहत्तरने भागलं की सव्वातेरा रुपये, आणि यात अजून नफा धरलेलाच नाही.

दहा रुपयांनी विकलेत तर ७५ नगांचे ७५० येतात. मालाचे ६०० वजा केले की १५० उरतात. पाच तासांचे दीडशे, म्हणजे तासाला तीस रुपये. एवढ्यात तुमच्याकडे कुणी भांडी घासायला येईल का?

माझ्या मते १८ रुपये भाव लावा. १,३५० येतील, त्यात तुमची ४०० मजुरी आणि ३५० नफा. मजुरी आणि नफा वेगवेगळे धरा. मजुरी तुमच्या हातांची असते, ती घरात खर्च करा. नफा व्यवसायाचा असतो. त्यातून नवी कढई येते, एखादा घाणा फसला तर तो भरून निघतो आणि मंदीच्या महिन्यांत खर्च भागतो. ही एक सवय लागली की बाकीचं जमतं.

सासवडकर | २९ ऑगस्ट २०२३

हिशेब बरोबर आहे पण १८ ला घेणार कोण? लोक दोन रुपयांसाठी दुकान बदलतात. सुरुवातीला कमी भावात गिऱ्हाईक जोडावं, मग हळूहळू वाढवावं.

आगळ (रत्नागिरी) | ३० ऑगस्ट २०२३

सासवडकर, कमी भावाने जोडलेलं गिऱ्हाईक भाव वाढवला की आधी तेच जातं. आमच्याकडे आमसुलांच्या बाबतीत मी हे दरवर्षी बघते. शेजारच्या गावात बायका व्यापाऱ्याला पडेल भावात सोलं (आमसुलं) देतात. मे महिन्याच्या उन्हात कोकमं फोडायची, सालं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. पाऊस यायच्या आत हे सगळं उरकायचं. बोटांची सालं निघतात. आणि भाव ठरवताना मिठाचा खर्च धरतात, उन्हात काढलेला दिवस धरत नाहीत. 'घरचंच तर आहे' या तीन शब्दांत बायकांचे किती कष्ट फुकट गेलेत, त्याची मोजदाद नाही.

लिज्जतचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण तिथे लाटण्याच्या कामाला 'वणाई' आहे. सकाळी मळलेलं पीठ घेऊन जायचं, घरी पापड लाटायचे, वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचे, आणि जितके किलो लाटले तितक्याची वणाई हातात. नफ्याचा भाग त्याहून निराळा. पहिल्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा मला फार आनंद झाला होता. इतकी मोठी संस्था उभी राहिली ती लाटणारीच्या हातांना दाम देऊन. आपण एकट्या असलो तरी स्वतःला वणाई द्यायलाच हवी.

खसखस | ३० ऑगस्ट २०२३

हिशेबनीस काका, आगळताई, तुमचे दोन्ही प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. माझे दर घालून हिशेब केला. तूप मी घरी कढवते, त्यामुळे तिथे थोडा फरक पडला, पण उत्तर साडेसतरा ते अठराच्या मध्येच येतंय.

सोलापुरी_कडक | ३१ ऑगस्ट २०२३

मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करते. सोबत दोघी मदतीला आहेत. पदार्थ किती घ्यावेत याबद्दल लिहिते.

सगळा फराळ अंगावर घेऊ नका. चकलीला भाजणी लागते, करंजीला सारण आणि पारी, चिवड्याला निवडण-पाखडण, लाडवांना पाक. प्रत्येकाचं टिकणं वेगळं, भरणं वेगळं, मोडतोड वेगळी. एका बाईच्या ओट्यावर ते मावत नाही आणि मग सगळंच मध्यम होतं. तुमची ओळख अनारशांची झालीय ना? तोच मुख्य ठेवा. सोबतीला एक पदार्थ असा घ्या की जो रोज खपतो आणि दिवाळीनंतरही चालतो. थालीपिठाची भाजणी किंवा मेतकूट. एकदा भाजून दळून आणलं की विकेपर्यंत परत हात लावावा लागत नाही.

आता टिकण्याबद्दल. तळलेला पदार्थ कोमट असताना भरला तर पिशवीत आतून दव धरतं, मग चकली मऊ पडते आणि अनारशाला बुरशी. पंचा पसरून त्यावर एका थरात ठेवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, घाई झाली तरी पंख्याखाली झाकण न घालता. मी हाताची मागची बाजू टेकवून बघते. तळव्याला गार लागतं तेव्हाही कधीकधी मागच्या बाजूला ऊब कळते. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट विकायचं नाही, त्यावर तारीख घालून फळीवर ठेवायचं आणि दर आठवड्याला फोडून एक तुकडा खायचा. ज्या आठवड्यात खवट वास आला, त्याच्या बरंच अलीकडची मुदत लेबलवर छापायची. दुसऱ्याच्या पाकिटावरची मुदत बघून आपली छापू नये. तिचं तेल वेगळं, तिची पिशवी वेगळी.

तेल परत परत तापवू नका. तेलातल्या पोलर संयुगांचं (तेल तापवून तापवून त्यात तयार होणाऱ्या घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळपट झालं, चिकट झालं, धूर लवकर यायला लागला की संपलं. मी ते गोळा करणाऱ्यांना देते, त्याचं बायोडिझेल होतं. मोरीत ओतू नका. आणि वर्तमानपत्रावर तळण निथळायला ठेवायची सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला आहे, ती पहिल्या दिवसापासून मोडा. शाई अन्नात उतरते.

वाचनमात्र_इतके_दिवस | ३१ ऑगस्ट २०२३

सोलापुरीताई, पिशवी कुठली वापरता? साधी प्लास्टिकची की चांदीसारखी आतून असते ती?

सोलापुरी_कडक | ३१ ऑगस्ट २०२३

चटणीला आतून चांदीसारखी असलेली, झिपची. शेंगदाण्यात तेल भरपूर, उजेड आणि हवा लागली की लवकर खवट होतं. भाकरीला कागदी खोका, नाहीतर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला पोचेपर्यंत चुरा होतो.

थेम्सकाठी (लंडन) | १ सप्टेंबर २०२३

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीतून मी दरवर्षी थोडा फराळ करून देते. इकडची पद्धत सांगते, कुणाला उपयोग झाला तर.

इथे घरून खाद्यपदार्थ विकायचे तर सुरुवात करण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. फी नाही आणि नोंदणी नाकारतही नाहीत. नंतर अधिकारी येऊन स्वयंपाकघर बघतात आणि ० ते ५ मध्ये स्वच्छतेचे गुण देतात. माझ्याकडे आलेल्या बाईंनी कात्री आणि लाटणं धुवून कुठे ठेवते तेही बघितलं.

खरी मेहनत ॲलर्जीची आहे. १४ घटक ठरवून दिलेत, ते पदार्थात असतील तर घटकांच्या यादीत ठळक छापावे लागतात. ऑक्टोबर २०२१ पासून, आधी भरून ठेवून तिथल्या तिथे विकलेल्या पाकिटावरही घटकांची पूर्ण यादी लागते. आपला चिवडा घ्या. शेंगदाणे, काजू, तीळ हे लगेच आठवतं. पण बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे गव्हाचा कणही न घातलेल्या पोह्यांच्या चिवड्यात गहू आला. ज्याला ग्लुटेन चालत नाही त्या माणसाला यातून खरा त्रास होतो. तुमच्याकडे कायदा काय सांगतो ते बाजूला ठेवून सांगते, हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा आणि लेबलवर लिहा. शेंगदाण्याच्या ॲलर्जीची मुलं भारतातही आहेत.

डबेवाली_कोथरूड | १ सप्टेंबर २०२३

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आपल्याकडेही लेबलवर ॲलर्जीकारक घटक लिहायचे असतात, पण घरगुती पाकिटांवर मी ते क्वचितच बघते.

लेबलचं एकदाच सांगून टाकते. पदार्थाचं नाव, जास्त वजनाच्या घटकापासून कमीकडे अशी यादी, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, आपलं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, नोंदणी क्रमांक. बॅच क्रमांक म्हणजे काही अवघड नाही, त्या दिवसाची तारीख आणि घाण्याचा आकडा. तक्रार आली तर कुठल्या दिवशीचं तूप, कुठला गूळ ते वहीत सापडलं पाहिजे. आणि वजनकाटा वैधमापनशास्त्र विभागाचा पडताळणी शिक्का असलेलाच घ्या. स्वयंपाकघरातला खेळण्यासारखा काटा विक्रीला चालत नाही.

माणदेशी_माय (सातारा) | ३ सप्टेंबर २०२३

पैसे उभे करायचे असतील तर पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची प्रधानमंत्री योजना बघा. २०२० साली सुरू झालेली केंद्राची योजना आहे, आत्ता (२०२३) आपल्या राज्यात कृषी विभागाकडून चालते. एकट्या व्यक्तीला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं आणि किमान १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. बचत गटात असाल तर प्रत्येक सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं. आमच्या गटाने त्यातूनच पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) आणि सीलिंगचं यंत्र घेतलं. प्रस्ताव करून द्यायला 'जिल्हा संसाधन व्यक्ती' नेमलेल्या असतात, त्यांना गाठा. छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणीही करून घ्या, ती पूर्ण मोफत आहे. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी पैसे उकळणारी पानं बरीच आहेत, तेवढं सांभाळा.

पण खसखसताई, तुम्हाला आत्ता कर्ज घ्या असं मी म्हणणार नाही. पहिली दिवाळी हातातल्या भांड्यांवर काढा. कर्ज वाईट असतं असं मात्र समजू नका. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच कारणासाठी. दोन वेळचं गिरणी कामगारांचं जेवण रांधणाऱ्या त्या बायका सावकाराच्या व्याजात पिचल्या होत्या. बँकेने त्यांना कर्ज दिलं आणि त्यांनी फेडलं. हप्ता कुठल्या महिन्यात कुठून भरणार हे आधी लिहून काढलं, तर कर्ज झेपतं. मसाल्याच्या कामात मार्च ते मे पैसा येतो, पावसाळ्यात नाही. बँकेशी बोलतानाच हे सांगायचं.

डोंबिवलीचाच | ४ सप्टेंबर २०२३

सोसायटीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. समितीला आधीच एक साधं पत्र द्या: काय करणार, किती वाजता करणार, बाहेरचे किती लोक येतील. आमच्याकडे एका ताईंबद्दल तक्रार आली ती तळणाच्या वासाची नव्हती, लिफ्टपाशी ऑर्डर न्यायला थांबणाऱ्या माणसांची होती. त्यांनी न्यायची वेळ संध्याकाळी पाच ते सात ठरवली आणि प्रश्न मिटला.

दुसरं गॅसचं. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर विक्रीच्या स्वयंपाकाला वापरणं नियमात बसत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. दोन सिलिंडर आणि कढईभर तापलेलं तूप बंद गॅलरीत ठेवू नका. वायुवीजन, आगविझवण्याचं छोटं नळकांडं आणि सुती कपडे, हे तिन्ही पाहिजेच.

खसखस | ६ सप्टेंबर २०२३

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलंय ते सांगते. अनारसे आणि थालीपीठ भाजणी, दोनच पदार्थ. नोंदणीचा अर्ज काल रात्री भरला. व्यावसायिक सिलिंडरसाठी चौकशी चालू आहे. बँकेत वेगळं बचत खातं काढलं, घरखर्चाचे पैसे त्यात मिसळायचे नाहीत. अनारसे अकरा नगांच्या डब्यात, १९८ रुपये.

एक अजून विचारायचंय. ऑर्डर कधी बंद करायची? वसुबारस ९ नोव्हेंबरला आहे.

हिशेबनीस (नाशिक) | ६ सप्टेंबर २०२३

उलटीकडून मोजा. वसुबारसेच्या आधीच्या संध्याकाळी शेवटचा डबा घराबाहेर पडला पाहिजे. तळणाला किती दिवस, पीठ मुरायला किती, तांदूळ भिजून वाळायला किती, हे मागे मोजत या. माझ्या अंदाजाने २२ ऑक्टोबरच्या पुढे एकही ऑर्डर घेऊ नये. दिवसाला जास्तीत जास्त किती नग झेपतात तो आकडा भिंतीवर लिहा. तेवढे झाले की यादी बंद, मग सख्खी नणंद का असेना.

निम्मे पैसे आगाऊ घ्या. तूप, खसखस आधी आणावी लागते. उधारी ठेवायची नाही. ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायचा संकोच वाटतो हे मला समजतं, म्हणून ऑर्डरच्या संदेशातच लिहून टाका: 'निम्मी रक्कम जमा झाल्यावर ऑर्डर पक्की'. मग तोंडाने मागावे लागत नाहीत.

आगळ (रत्नागिरी) | ७ सप्टेंबर २०२३

'दहाला दे' म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेव गं. वाद घालायचा नाही, हिशेब सांगत बसायचं नाही. "घरच्या तुपातले आहेत, भाव अठराच आहे. एक खाऊन बघा." एवढंच. आणि तो एक अनारसा खरंच हातावर ठेवायचा. चव घेतलेला माणूस भावावरून फारसा अडत नाही, हा माझा अनुभव आहे.

कोपऱ्यातला | ८ सप्टेंबर २०२३

आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, कागद काढून दे. या रविवारी तिचा अर्ज भरतोय. पदार्थांच्या यादीत पापड, कुरडया, सांडगे वेगवेगळे लिहायचे का?

डबेवाली_कोथरूड | ८ सप्टेंबर २०२३

अर्जात पदार्थांचे गट असतात, त्यातला योग्य गट निवडा. पुढे नवा पदार्थ वाढवायचा असेल तर नंतर बदल करता येतो. आईंना माझा नमस्कार सांगा.

खसखस | २१ नोव्हेंबर २०२३

दिवाळी पार पडली, आता निवांत लिहिते.

१८ चा भाव ऐकून काही जणी मागे फिरल्या, त्यात माझ्या जवळच्याही होत्या. वाईट वाटलं. पण यादी २२ ऑक्टोबरच्या आधीच भरली. आगाऊ पैशांवरून एकाही घरी कटुता आली नाही. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीला तळणाच्या दिवसांत मदतीला बोलावलं, तिला तासाप्रमाणे पैसे दिले आणि ते हिशेबात आधीच धरलेले असल्यामुळे देताना हात आखडला नाही. माझी वणाई मी दर शनिवारी व्यवसायाच्या खात्यातून घरच्या खात्यात वळती केली. पहिल्यांदा रक्कम आली तो संदेश मी अजून पुसलेला नाही.

भाजणीबद्दल सोलापुरीताईंचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. दिवाळी संपल्यावरही पाकिटं जातायत, आणि ज्या अनारशांच्या भावावरून मागे फिरल्या होत्या त्यातल्या दोघी भाजणी नेतात.

आता नवा प्रश्न. बऱ्याच जणी म्हणतात, तयार अनारसे नकोत, मुरलेलं पीठ दे, आम्ही घरी तळू. परदेशी जाणारेही पीठच मागतात. पीठ विकावं का?

सोलापुरी_कडक | २१ नोव्हेंबर २०२३

जरूर विका. तळणाचे तास आणि तूप दोन्ही वाचतं. फक्त मुदतीचा प्रयोग नव्याने करा, तळलेल्या अनारशांची मुदत पिठाला लावू नका. ओलसर पीठ आहे, फ्रीजमधलं आणि फ्रीजबाहेरचं असे दोन नमुने वेगळे ठेवून बघा. लेबलवर 'शीत जागी ठेवावे' एवढ्याने भागत नाही, 'फ्रीजमध्ये ठेवावे' असं स्पष्ट लिहा.

हिशेबनीस (नाशिक) | २२ नोव्हेंबर २०२३

पिठाचा भाव नव्याने मांडा. तूप आणि खसखस वजा होईल, तास पाचाचे साधारण अडीच होतील. आणि ताई, महाराष्ट्राबाहेर पाकिटं पाठवायला लागलात तर जीएसटीचं आधी विचारून घ्या. राज्याच्या आत मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत सूट आहे, पण करपात्र माल परराज्यात विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी लागते. बेळगाव आणि इंदूरहून मागणी येईलच, तेव्हा हे डोक्यात असू द्या.

थेम्सकाठी (लंडन) | २२ नोव्हेंबर २०२३

पिठाच्या पाकिटात एक चिठ्ठी घाला: पीठ किती वेळ आधी बाहेर काढायचं, घट्ट वाटलं तर केळ्याचा तुकडा किंवा चमचाभर दूध लावून मळायचं, खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचं नाही, आच मंद. इकडच्या मुलींनी आईला तळताना बघितलंय पण स्वतः कधी केलेलं नाही. पहिलाच अनारसा कढईत हसला की त्या पिठाला दोष देतील. चिठ्ठी मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असू दे, शेगडीपाशी धरून वाचता आली पाहिजे.